पोचा

रविवारी दुपारी जेवण उशिरा झालं आणि बडीशेप चघळत मी पार्किंगमध्ये उतरलो, तर गाडीच्या डाव्या मागच्या दाराला पोचा. चांगला वाटीएवढा. मध्ये पत्रा आत गेलेला आणि कडेला पांढऱ्या रंगाचा एक ओरखडा. म्हणजे ठोकणारी गाडी पांढरी होती, एवढा तपास जागेवर लागला. आमच्या सोसायटीत पांढऱ्या गाड्या एकतीस आहेत. मी काही विचारायच्या आतच वॉचमनकाकांनी "माझी ड्युटी आत्ताच सुरू झाली" असं सांगून टाकलं.

पण त्याच्याही आधी मी काय केलं ते सांगतो, हसू नका. मी मान फिरवून जिन्याकडे पाहिलं, मनात तीन आकडे मोजले आणि पुन्हा गाडीकडे पाहिलं. पोचा तिथेच होता.

ही खोड व्हाइस सिटीची, म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो ऊर्फ जीटीए या मालिकेतल्या एका कॉम्प्युटर गेमची. ज्यांनी खेळलाय त्यांना वेगळं सांगायला नको. त्या शहरात रस्त्यावर गाड्यांचा कितीही ढीग करा, पाठ वळवून परत पाहिलं की रस्ता झाडून घेतल्यासारखा स्वच्छ. २००४ साली मी सांगलीत आठवीत होतो. एसटी स्टँडच्या मागे एक सायबर कॅफे होता, तासाला पंधरा रुपये. सात कॉम्प्युटर, त्यातले दोन कायम बंद, आणि मालक दर दहा मिनिटांनी "पोरांनो, वेळ बघा" असं ओरडायचे. पंधरा रुपयांत आम्ही तिघं बसायचो. एकाने गाडी हाकायची, दुसऱ्याने गोळ्या झाडायच्या आणि तिसऱ्याने भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावरचे कोड, म्हणजे टाइप केले की गेममध्ये हवं ते मिळवून देणारे चोरशब्द, वाचून दाखवायचे. मी बहुधा तिसरा. कारण वही माझी.

त्या गेममध्ये गाडी मरण्याची एक ठरलेली रीत होती. आधी बोनेटमधून पांढरा धूर, मग काळा, मग ज्वाळा, मग धडाम. आणि गाडी उलटी झाली, तर मधल्या पायऱ्या गाळून थेट आग. छप्पर खाली आणि चाकं वर गेल्यावर गाडीने पेट का घ्यावा, हे आमच्यातल्या एकानेही कधी विचारलं नाही. उताणं पडलेलं झुरळ वळवळतं, उताणी पडलेली गाडी पेटते, हा निसर्गनियमच वाटायचा. "उतर उतर उतर!" असं तिघंही ओरडायचो आणि शेजारी इंजिनिअरिंगचे फॉर्म भरणारे दादा आमच्याकडे तुच्छतेने बघायचे.

दुरुस्ती तर त्याहून सोपी. पे अँड स्प्रेच्या गॅरेजमध्ये गाडी घुसवायची, शटर खाली, शटर वर, शंभर डॉलर गेले, गाडी नवी कोरी, रंगही बदललेला आणि मागे लागलेले पोलिससुद्धा गार. पुढच्या वर्षी याच मालिकेतला सॅन आंद्रेआस आला आणि त्याने शटरचीही गरज ठेवली नाही. हेसोयाम! इंग्रजीच्या पेपरात 'रिसीव्ह'चं स्पेलिंग दर वेळी चुकणारी आम्ही पोरं या सात अक्षरी मंत्राचं स्पेलिंग डोळे मिटून, चालत्या गाडीत टाइप करायचो. अंगात जीव, चिलखत, अडीच लाख डॉलर, आणि बसल्या गाडीचं डेंटिंग-पेंटिंग फुकट. त्याच वर्षी मी सायकलवरून गणपती मंदिराच्या वळणाला पडलो आणि मडगार्ड वाकून चाकाला घासायला लागलं. घरापर्यंत खर्र खर्र खर्र. गुडघ्यापेक्षा तो आवाज जास्त झोंबला. अख्खी गल्ली खिडकीत आली होती.

बऱ्याच वर्षांनी, गेमच्या फायली उघडून बसणाऱ्या एका मित्राने मला त्या जुन्या गाड्यांचं पोट दाखवलं. प्रत्येक दाराच्या दोन प्रती. एक धड, एक ठोकलेली. बोनेटचंही तसंच, बंपरचंही तसंच. आपण खांबाला ठोका, भिंतीला ठोका नाहीतर दुसऱ्या गाडीला; धड दार काढून त्याच्या जागी ठोकलेलं दार बसवायचं, एवढाच कारभार. म्हणजे त्या जातीच्या सगळ्या गाड्यांना, जगातल्या सगळ्या सायबर कॅफेंमध्ये, एकाच जागी तोच पोचा. मला ते कळल्यावर उगीचच फसवल्यासारखं झालं. आपण केलेला म्हणून ज्याचा अभिमान बाळगला तो पोचासुद्धा रेडिमेड.

खरा पोचा मी पहिल्यांदा जीटीए चारमध्ये पाहिला. गेम २००८ चा, पण आमच्या कर्वेनगरच्या खोलीवर तो यायला नि चालायला २०१० उजाडलं, कारण ग्राफिक्स कार्डासाठी चौघांनी वर्गणी काढली होती. त्यातल्या लिबर्टी सिटी या शहरात मी पहिलीच गाडी विजेच्या खांबावर घातली आणि मागे घेऊन पाहिली, तर बोनेटला बरोब्बर खांबाएवढा खळगा. तिरपा ठोकला होता, म्हणून खळगाही तिरपा. पत्र्याला लागलं होतं ते जिथे लागलं होतं तिथेच. मी खोलीतल्या तिघांना हाका मारून बोलावलं. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांना आवडायचं ते निकोचं, म्हणजे गेमच्या नायकाचं उडणं. समोरून जोरात धडकलं, की तो गडी पुढची काच फोडून बाहेर फेकला जायचा आणि बोनेटवरून घरंगळत रस्त्यावर. कोण जास्त लांब पडतो याच्या पैजा लागायच्या. हरणाऱ्याने चहा आणायचा. पोट दुखेपर्यंत हसायचो आम्ही.

मग २०१३ मध्ये पाचवा आला. सुंदर, अवाढव्य, डोंगर आहेत, समुद्राच्या तळाशी जाता येतं. पण गाड्यांचा पत्रा पुन्हा कडक. चारमध्ये जी धडक बोनेटची वळकटी करायची ती इथे हेडलाइट फोडते आणि रंग खरवडते. दोन्ही गेममधल्या धडका शेजारी शेजारी लावून दाखवणारे व्हिडिओ निघाले, भांडणं झाली. मी अर्थातच चारच्या बाजूने. सून कितीही गुणाची असली तरी "आमच्या वेळी" असं म्हणणारी एक आत्या घरात असतेच, ती गेमच्या बाबतीत मी.

माझा भाचा हाच पाचवा खेळतो आणि मी सांगलीला गेलो की मला कंट्रोलर देतो. फार वेळ नाही देत. कारण मी त्यातल्या लॉस सँटोस शहरात सिग्नलला थांबतो.

"मामा, काय करतोयस?"

"लाल आहे."

"अरे, गेम आहे!"

गेम आहे हे मलाही ठाऊक आहे. पण एकदा गाडी हाताशी आली की मला तिचं वाईट वाटायला लागतं. मी ती जपून नेतो आणि कुणी मागून येऊन ठोकली तर खाली उतरून, गाडीला एक फेरी मारून, कुठे काय लागलंय ते बघतो. भाचा कपाळावर हात मारतो. "सोड ना ती. दुसरी चोर." ही पिढी सढळ हाताची आहे. मला मात्र फुटक्या हेडलाइटची गाडी हळूहळू चालवत शहराच्या त्या टोकाच्या गॅरेजपर्यंत नेण्यात जे समाधान मिळतं, ते बँक लुटण्यात मिळत नाही. २००२ च्या माफिया नावाच्या गेममध्ये सिग्नल तोडला, वेग वाढवला की पोलिस शिट्टी फुंकत येऊन दंड घ्यायचे. लोकांनी शिव्या घातल्या. मला तो गेम घरच्यासारखा वाटला.

ज्यांत खऱ्या कंपन्यांच्या गाड्या असतात त्या गेमची तर तऱ्हाच न्यारी. नाव वापरायची परवानगी देणाऱ्या कंपनीला आपली लाडकी गाडी चेंदामेंदा झालेली बघवत नाही. २००५ च्या मोस्ट वाँटेड या शर्यतीच्या गेममध्ये ती निळी-रुपेरी बीएमडब्ल्यू घेऊन पोलिसांच्या अख्ख्या ताफ्यावर आदळा, काचेला तडे आणि अंगावर ओरखडे, बस. स्थळाला पाठवायच्या फोटोसारखं आहे हे. जरा काजळ पसरलेलं चालेल, पण नाक वाकडं दिसता कामा नये. बर्नआउट पॅरडाइजमध्ये गाड्या खोट्या नावाच्या, म्हणून मनसोक्त चुरगळतात. तिथे गोष्ट वेगळीच. आत कुणी बसलेलंच नाही. सीट रिकामी, गाडी आपली आपण पळतेय.

हे रिकाम्या सीटचं प्रकरण बीमएनजीतही आहे. जर्मनीतल्या ब्रेमेनच्या मंडळींनी २०१३ पासून चालवलेला हा खेळ म्हणजे पोचेप्रेमींची पंढरी. यातली गाडी बाजेसारखी विणलेली असते. गाठी आणि गाठींना जोडणारे ताण, आणि सेकंदाला दोन हजार वेळा प्रत्येक गाठ कुठे सरकली याचा हिशोब. त्यामुळे पत्रा वाकतो, वाकलेला राहतो, एक चाक जरा तिरकं होतं आणि मग सरळ धरली तरी गाडी डावीकडे ओढते. मी रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून एक खटारा घाटातून खाली आणतो. ठोकायला नाही. एकदा चुकून कठड्याला घासली जाते, दार नीट लागत नाही, आणि पुढचा सगळा रस्ता ते खडखडतं. तेच हवं असतं मला. सांगलीची खर्र खर्र.

आमच्या आजीकडे एक पितळी पातेलं होतं. त्याला बुडाशी पोचा होता, त्यामुळे ओट्यावर ठेवलं की ते अर्धी गिरकी घेऊन मग थांबायचं. तो पोचा माझ्या काकाने सहा महिन्यांचा असताना पाळण्यातून, म्हणजे पाळण्यासकट, त्यावर पडून पाडला होता अशी घरात समजूत. काका आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. पातेलं कल्हईला जायचं तेव्हा कल्हईवाला विचारायचा, पोचा काढू का? आजी म्हणायची, राहू दे, मग आमचं कुठलं ते ओळखू कसं येणार. आणि भांड्यावर नाव कोरलेलं होतं, बरं का. पुण्यात तांबट आळीत गेलं की अजून ठोक ठोक ऐकू येतं. तांब्याच्या हंड्यावर ओळीने, एकसारखे, हातोडीने उमटवलेले ठसे. मठारकाम म्हणतात त्याला. त्याने पत्रा कडक होतो आणि झळाळतोही. पोचाच, पण शिस्तीतला.

हेच पातेलंवाले काका मोटारींच्या बाबतीत जुन्या लोखंडाचे भक्त. "आमची अँबॅसॅडर म्हणजे रणगाडा, तुमच्या गाड्या म्हणजे बिस्किटाचे डबे." त्यांना मी दर दिवाळीला सांगतो की गाडीने चुरगळावं म्हणूनच तिचं नाक तसं केलेलं असतं. मर्सिडीजच्या बेला बरेनी नावाच्या इंजिनिअरने १९५० च्या सुमारास हे डोकं चालवलं आणि १९५९ च्या त्यांच्या गाडीत ते आलं. पुढचं-मागचं चुरगळू दे, मधली माणसं बसायची पेटी शाबूत राहू दे. अमेरिकेत २००९ मध्ये १९५९ ची शेव्हरले बेल एअर आणि नवी मालिबू मुद्दाम एकमेकींवर आदळवून पाहिली, तेव्हा जुन्या रणगाड्याचं स्टिअरिंग मागे सरकलं आणि ड्रायव्हरच्या जागी बसवलेल्या पुतळ्याचं डोकं त्यावर आदळलं आणि नव्या डब्यातल्या पुतळ्याचा फक्त पाय दुखावला. काका व्हिडिओ बघतात, "हं" म्हणतात, आणि पुढच्या दिवाळीला रणगाडा परत येतो.

तर पोचा. सोमवारी संध्याकाळी धायरीकडच्या एका डेंटिंगवाल्याकडे गेलो. मिस्त्री दुसऱ्या एका गाडीचं दार खोलून बसले होते. आतून एका हाताने लोखंडी ठोकळा धरलेला, बाहेरून हातोडी अगदी हळू, टक टक, आणि दर चार टकटकींनंतर डोळे भलतीकडेच ठेवून तळवा पत्र्यावरून फिरवायचे. "डोळ्याला कळत नाही, हाताला कळतं," असं म्हणाले. मग लांबी लावणार, घासणार, प्रायमर, रंग. "बसा दहा मिनिटं."

बसायला जागा नव्हती म्हणून मागे फिरत राहिलो. कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीखाली एक गाडी होती. ताडपत्रीचं एक टोक वाऱ्याने उडालेलं. पुढचं सगळं बोनेट दुमडून काचेपर्यंत आलेलं, आणि माझी नजर आपसूक, सवयीने, शिकाऱ्यासारखी पत्र्यावरून फिरायला लागली. इथून लागलं असणार, तिरकं, मग गिरकी घेतली असणार. मनात मी गाठी मोजत होतो. मग पुढची काच दिसली. ड्रायव्हरच्या बाजूला, स्टिअरिंगच्या जरा वर, कोळ्याच्या जाळ्यासारखा गोल तडा होता. काच तिथे बाहेरच्या बाजूला फुगली होती. आतून.

"ती नाही आपल्याकडे कामाला," मिस्त्री मागून म्हणाले, "इन्शुरन्सवाले येणारेत बघायला." आणि त्यांनी ताडपत्रीचं टोक ओढून त्यावर वीट ठेवली.

मग हात पुसत माझ्याकडे वळले. "तुमचं काय होतं?"

"काही नाही," मी म्हणालो. "पोचा होता."