थंड गाडीचा आवाज

आबांच्या ओम्नीचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा गाडी गरम होती. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, सकाळचे साडेदहा. यवतेश्वरकडच्या वस्त्यांवरची पोरं साताऱ्यात शाळेला सोडून आबा थेट माझ्याकडे गोडोलीला आले होते. घाट उतरून, गावातून दोन फेऱ्या मारून आलेलं इंजिन. तेवढ्या एका गोष्टीकडे मी लक्ष दिलं नाही आणि त्याचंच सगळं पुढं झालं.

गाडी २००६ ची. ओम्नी १९८४ साली आली, २०१९ ला बंद झाली. मधल्या पस्तीस वर्षांत तिची मूळ मांडणी तीच राहिली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आणि इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलायची, खालचं झाकण काढायचं, की इंजिन समोर. मिस्त्रीला सोयीचं. पण ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारचा माणूस इंजिनावर बसलेले असतात, आणि त्यांच्या न् इंजिनाच्या मध्ये एक पत्र्याचं झाकण आणि त्याच्या कडेचं रबर, एवढंच असतं.

आबांची तक्रार होती, "मिस्त्री, वळवताना स्टेअरिंगमध्ये कट्‌ कट्‌ करतंय, आणि खालनं टक-टक येतंय. दोन्ही एकच हाय का बघा."

त्याआधी एका गॅरेजमध्ये त्यांचे दोन्ही टायरॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगची ओढ चाकांना पोचवणाऱ्या दांड्यांची टोकं, बदलून झाले होते. आवाज गेला नाही म्हणून एका बाजूचं शॉकअपचं माउंटिंगही बदललं. तरी आवाज तसाच. अंदाजाने पार्ट बदलत जायची ही पद्धत मला मनापासून चीड आणते. पार्टचे पैसे गिऱ्हाइकाचे जातात आणि शिकतो मात्र मिस्त्री.

स्टेअरिंगचा आवाज कानाने शोधायला गेलं की माणूस फसतो. तो पत्र्यातून फिरतो, डावीकडचा उजवीकडे ऐकू येतो. म्हणून मी हाताने शोधतो. गाडी जॅकवर घ्यायची नाही, चाकं जमिनीवरच ठेवायची, कारण वजन उतरलं की ढिला सांधाही गप्प बसतो. इंजिन बंद. हेल्पर पोराला सीटवर बसवायचं आणि स्टेअरिंग दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे, असं नुसतं हलवत ठेवायला सांगायचं. पूर्ण फिरवायचं नाही. मग खाली झोपून एकेका सांध्यावर तळहात ठेवायचा. टायरॉड एंड नवे होते, गप्प. रॅकचं, म्हणजे स्टेअरिंगबरोबर आडवा सरकून चाकं वळवणाऱ्या दांड्याचं, बुश ठीक. शॉकअपच्या वरच्या टोकाला पोराने हात लावून बघितला, तिथेही काही नाही. मग स्टेअरिंगचा दांडा जिथे रॅकला येऊन मिळतो त्या जॉइंटवर हात ठेवला, आणि तळव्यावर कोणी टिचकी मारावी तसं लागलं. इकडे एक, तिकडे एक.

बॅटरीचा उजेड मारून पाहिलं. जॉइंटच्या खाचांमधून लालसर भुकटी बाहेर आलेली. दोन लोखंडं एकमेकांवर बारीक घासत राहिली की अशी भुकटी सुटते. ती दिसली की तिथे हालचाल आहे हे नक्की. जॉइंट आवळून धरणारा बोल्ट मी नुसत्या बोटांनी धरला, तर तो फिरला. पान्याची गरजच पडली नाही. मूळचा बोल्टही नव्हता तो, कुठल्यातरी डब्यातला बारीक बोल्ट घातला होता, वॉशर नाही. कधीतरी कोणीतरी रॅक उतरवला असेल, परत बसवताना हाताला लागला तो बोल्ट टाकला असेल. तो पडला असता आणि जॉइंट खाचांवरून सरकला असता, तर घाटाच्या वळणावर आबांच्या हातात स्टेअरिंग फिरलं असतं आणि चाकं सरळ राहिली असती. गाडीत दहा पोरं.

आबांना खाली वाकवून बोल्ट बोटांनी फिरवून दाखवला. ते काही बोलले नाहीत, शेजारच्या स्टुलावर जाऊन बसले.

नवा जॉइंट, योग्य मापाचा बोल्ट, वॉशर. यवतेश्वरच्या घाटात पहिल्या काही वळणांपर्यंत ट्रायल मारून आलो. स्टेअरिंग गप्प. मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी. आधीच्या गॅरेजला न सापडलेलं मी अर्ध्या तासात शोधलं, एका मोठ्या अपघातातून पोरं वाचली, असं मनात चाललं होतं. त्या आनंदातच मी सीट उचलली, इंजिनाची टक-टक ऐकली, बारीकशी येत होती, आणि म्हणालो, "टॅपेट आहे. सेट करून देतो." टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे भाग, थोडे ढिले होतेही. फट मोजायची पातळ पट्टी, फिलर गेज, लावून सेट केले, झाकण लावलं. टक-टक जवळजवळ गेली. आबा खूश, मीही खूश.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आबा परत आले. "टॅपेट पुन्हा वाजतंय मिस्त्री. पण सकाळच्यालाच वाजतंय. गाडी तापली की जातंय."

हे ऐकलं आणि माझ्या हातातलं काम थांबलं. टॅपेटचं तसं नसतं. या इंजिनाला थंड असताना गॅप साधारण ०.१५ मिलीमीटर ठेवतात आणि गरम असताना त्याहून जास्त, कारण तापल्यावर सिलिंडरवरचं हेड फुगतं आणि गॅप वाढतो. ढिला टॅपेट गरम झाल्यावर गप्प बसायचं कारण नाही. उलट थंडीत वाजून तापल्यावर बंद होणारा आवाज म्हणजे तापल्यावर कुठलीतरी फट मिटतेय. हे मला माहीत होतं. ऑक्टोबरमध्येही माहीत होतं. फक्त मी गाडी थंड असताना ऐकलीच नव्हती.

मी म्हटलं, शनिवारी संध्याकाळी लावून जा, रविवारी पहाटे ऐकू. गाडी रात्रभर ठेवून घ्या म्हटलं की गिऱ्हाईक नाराज होतं. दारात उभं राहून "जरा बघा की" म्हणायची सवय लोकांना लागली आहे, आणि आम्हालाही जरा बघायची. आबांनी मात्र ठेवली.

रविवारी साडेसहाला ते मोटरसायकलवर आले, मागे शाल पांघरून त्यांची नात. तिसरीत असेल. अजिंक्यताऱ्यावर अजून धुकं होतं. आबा म्हणाले, दारं-काचा लावल्यावर आतून जास्त ऐकू येतं, थंडीत आम्ही बंद करूनच येतो. म्हणून मी त्यांना नेहमीसारखंच बसायला सांगितलं. ते स्टेअरिंगवर, नात तिच्या रोजच्या जागेवर, पुढच्या सीटवर. मी मागे. गाडी चालू केली.

आवाज लख्ख होता. टक-टक नव्हतीच ती. नीट ऐकलं तर फट्‌ फट्‌ फट्‌, कोरडं, रेस दिली की वाढणारं.

एखाद-दोन मिनिटं झाली असतील. पोरगी आजोबांना म्हणाली, "आला बघा वास. आता माझं डोकं दुखणार."

आबा मला समजावत होते, "हिला गाडी लागती हो. महिनाभर झाला, रोज उलटी. मागं बसवली तर कमी. गोळी देतोय."

मी गाडी बंद करायला लावली आणि पोरीला हाताला धरून बाहेर काढलं. गॅरेजच्या बाकड्यावर उघड्यावर बसवलं. मग सीट उचलून झाकण काढलं आणि दारं उघडी ठेवून परत चालू केली.

लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावली की धातूतला आवाज ऐकू येतो. हेडवर लावला, शिलाई मशीनसारखी बारीक नेमकी टिक-टिक, टॅपेट ठीक. वॉटर पंपवर, अल्टरनेटरवर लावला, काही नाही. मग हातभर रबरी पाइप घेतला. एक टोक कानाला, दुसरं इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या कडेने फिरवत नेलं. पाइपमधून हवेतला आवाज येतो. मधल्या सिलिंडरच्या तोंडाशी आल्यावर कानात फुंकर मारल्यासारखं फट्‌ फट्‌ सुरू झालं. खात्रीसाठी त्या सिलिंडरच्या प्लगची वायर क्षणभर काढली, आवाज पडला. परत लावली, परत आला. बॅटरीच्या उजेडात हेड आणि मॅनिफोल्डमधल्या पॅकिंगच्या कडेला काजळीचा काळा पंखा उमटलेला दिसला. सातव्या-आठव्या मिनिटाला इंजिन तापलं आणि आवाज विरत गेला. ऑक्टोबरमध्ये मला ऐकू आला होता तेवढाच उरला.

मॅनिफोल्डचं पॅकिंग फुटलेलं आणि मॅनिफोल्ड हेडला आवळून धरणारे दोन स्टड तुटलेले. मॅनिफोल्ड बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. वर्षानुवर्षं ही ओढाताण स्टडवर येते. धूर तिथूनच बाहेर पडत होता, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, म्हणजे सगळा कच्चा. थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं, त्यामुळे सकाळच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडही जास्त. त्या वायूला रंग नाही, स्वतःचा वास नाही. पोरीला येत होता तो बाकीच्या धुराचा वास. रक्तातलं हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनच्या दोनशे पटीहून जास्त घट्ट धरून बसतं. डोकेदुखी, मळमळ, उलटी. लोक म्हणतात, गाडी लागली. लहान पोरं भराभर श्वास घेतात, त्यांना लवकर चढतो. ऑक्टोबरमध्ये काचा उघड्या असायच्या म्हणून भागलं. थंडी पडली आणि काचा बंद झाल्या.

आबांना म्हटलं, आधी हिला डॉक्टरकडे न्या आणि उलटीबरोबर धुराचंही सांगा. गाडी मी सोडत नाही.

पुढचे दोन दिवस आबांना पालकांचे फोन. एकजण म्हणाला, काचा उघड्या ठेवून चालवा की दोन दिवस. याच लोकांनी जूनमध्ये महिन्याच्या भाड्यात शंभर-शंभर रुपये घासाघीस करून कमी करून घेतले होते, आबाच सांगत होते. गाडीचं पासिंगही वेळच्या वेळी होत होतं. दिवे लागतात, इंडिकेटर लागतो, रिफ्लेक्टर आहे. भर दुपारी, तापलेल्या इंजिनावर.

तुटलेले स्टड हेडच्या पातळीला मोडलेले. ड्रिल मारायला गेलं आणि हात जरा हलला की हेड खराब. म्हणून स्टडच्या तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरलं, थोडं निवू दिलं, आणि पाना लावून अगदी हळू, पुढे-मागे करत काढलं. दुसरा स्टड निघायला दुपार झाली. मॅनिफोल्डला वाक आला होता, पट्टी लावून खालून उजेड दिसत होता. एमआयडीसीत लेथवर फेस मारून, म्हणजे सपाट करून आणला. नवे स्टड, नवं पॅकिंग, मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला आवळत गेलो. मंगळवारी पहाटे थंड गाडी चालू करून पाइप फिरवला. काही नाही.

झाकण लावायला घेतलं तेव्हा त्याच्या कडेचं रबर बघितलं. एका बाजूला वीतभर रबर नव्हतंच. पोरगी बसायची त्या बाजूला.

ते कधीपासून नव्हतं? ऑक्टोबरमध्ये टॅपेटसाठी झाकण मीच काढलं होतं. तेव्हा कडक झालेल्या रबराचा तुकडा हातात आला होता, असं मला आठवतंय. काळा, विटलेला, चुरा होणारा. आबांना सांगून नवं आणायचं असं मनात आलं होतं, तेही आठवतंय. सांगितलं का, ते आठवत नाही. पोराला विचारलं, त्यालाही आठवत नाही. कदाचित तो तुकडा दुसऱ्या कुठल्या गाडीचा असेल. अशी झाकणं मी रोज उघडतो.

नवं रबर पूर्ण गोल फिरवून बसवलं, चारही कोपरे दाबून बघितले.

आबा गाडी न्यायला आले तेव्हा म्हणाले, रविवारपासून उलटी नाही, काल वाटाण्याची उसळ दोनदा मागून खाल्ली. बिल हातात घेऊन बोटाने एकेक ओळ वाचली. स्टड, पॅकिंग, वेल्डिंग, लेथ, मजुरी.

"रबराचं लावलं न्हाई तुम्ही."

"राहू दे ते."

"अहो, तुमच्या खिशातनं कशाला?" म्हणून त्यांनी वर पन्नासची नोट ठेवली. मी ती परत त्यांच्या खिशात घातली. जुनी ओळख म्हणून सोडले, असंच त्यांना वाटलं असणार. खरं कारण मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.