कॅटलॉग

आमच्या ऑफिसच्या दाराशी हजेरीचं यंत्र आहे. तोंड समोर धरलं की हिरवा दिवा लागतो आणि आतली बाई ‘थँक यू’ म्हणते. गेल्या पावसाळ्यात वडील दवाखान्यात होते. तीन रात्री जागून मी तसाच कामावर गेलो. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. घरच्या कुत्र्यानंही आधी दोनदा हुंगून खात्री केली असती. यंत्रानं मात्र पापणी लवायच्या आत ओळखलं, आभार मानले आणि दार उघडलं. लिफ्टमध्ये मला आमच्या बाई आठवल्या.

आमच्या बाई म्हणजे बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेतल्या. जिल्हा परिषदेची शाळा, दोन खोल्या आणि एक व्हरांडा. दुसरी ते चौथी त्याच आमच्या वर्गावर होत्या. प्रेमळ शिक्षक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साने गुरुजी येतात. १९२४ ते १९३० अशी सहा वर्षं ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये होते आणि वसतिगृहातल्या पोरांच्या अस्ताव्यस्त खोल्या स्वतः आवरायचे. आमच्या बाई त्यातल्या नव्हत्या. फार रागीट होत्या. पाढा चुकला की छडी, नखं वाढली की छडी. कुणाच्या डोक्यावरून हात फिरवताना मी त्यांना पाहिलेलं नाही.

पण हजेरी घ्यावी तर त्यांनी. हजेरीपट हा शब्द कागदोपत्री; शाळेत सगळे कॅटलॉगच म्हणायचे, आणि तो मराठीच शब्द आहे असं मी पार कॉलेजपर्यंत समजत होतो. लांबट पुठ्ठ्याची वही, सकाळी एक तिरकी रेघ, दुपारच्या सुट्टीनंतर तिला छेदणारी दुसरी. दुसऱ्या वर्गातले गुरुजी नावं अशी वाचायचे की जणू एसटी थांबे न घेता चाललीय. बाई दर नावाला मान वर करायच्या. पोराकडे बघायच्या. ‘हजर’ नीट ऐकायच्या आणि मगच रेघ ओढायच्या. बेचाळीस पोरांच्या हजेरीत पहिला तास निम्मा उडायचा. हेडमास्तर व्हरांड्यातून खाकरायचे. बाई त्या खाकरण्याकडे कधी लक्ष द्यायच्या नाहीत.

कधीकधी म्हणायच्या, ‘पुन्हा म्हण.’ पोरगं पुन्हा ‘हजर’ म्हणायचं. मग रेघेशेजारी पेन्सिलीनं एक बारीक टिंब पडायचं. त्या टिंबाचा अर्थ कळायला आम्हाला तिसरी उजाडली. टिंब पडलं की छोट्या सुट्टीत त्या पोराला काहीतरी काम निघायचं, खडू आण, नकाशा गुंडाळ. नकाशा गुंडाळता गुंडाळता, समोरासमोर न बघता, बाई विचारायच्या, ‘सकाळी काय खाल्लंस?’ किंवा, ‘रात्री घरी कोण होतं?’ एका मुलीचं टिंब लागोपाठ तीन दिवस पडलं. तिचा बाप पिऊन आला की घरात काय चालतं, ते गल्लीला माहीत होतं. चौथ्या संध्याकाळी बाई तिच्या दारात. ‘रस्त्यातच होतं, म्हटलं चहा घ्यावा.’ रस्ता कसला, एसटी थांबा गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्यांची शेवटची गाडी चुकली आणि त्या रात्री त्या त्याच घरात मुक्कामाला राहिल्या. बाईंनी बापाला काय सुनावलं ते कुणालाच कळलं नाही. बाप सुधारला असंही नाही. पण त्या मुलीला एवढं कळलं की आपला आवाज बिघडला तर तो कुणाला तरी ऐकू जातो. ती आज नर्स आहे. सांगते की पेशंटला आधी नाव विचारते, फाइल मागाहून बघते.

हजेरीला तेव्हा मोलही होतं. १९९२ पासून काही मुलींना शाळेत येण्याचा दिवसाला १ रुपया भत्ता मिळायचा. १९९५ साली पोषण आहाराची योजना आली. सुरुवातीला शिजवलेली खिचडी नव्हती, महिन्याला ३ किलो तांदूळ, तोही ८० टक्के हजेरी भरली तर. तांदळाच्या दिवशी पोरं दप्तराऐवजी पिशव्या घेऊन यायची. आमच्या वर्गाचा घोळ असा की ज्यांना त्या तांदळाची खरी गरज, त्यांचीच हजेरी भरायची नाही. दसरा झाला, ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली घरं बैलगाडीत संसार भरून कोल्हापूर-सांगलीकडे निघाली की आमचा वर्ग अर्धा व्हायचा. बेचाळिसातली एकवीस-बावीस पोरं उरायची. चैत्रात कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, बाकीची ऊसतोडीला.

बाई मात्र बेचाळीसच्या बेचाळीस नावं घ्यायच्या. रोज. गेलेल्याचं नाव आलं की मान वर करून रिकाम्या जागेकडे बघायच्या आणि थांबायच्या. मग वर्गानं उत्तर द्यायचं, ‘तोडीला गेलाय, बाई.’ कुणाकडे, कोणत्या कारखान्यावर, हेही ठाऊक असेल तर सांगायचं. बाई तांबड्या शाईनं ‘ग’ काढायच्या आणि पुढच्या नावाला जायच्या. ‘हजर, हजर, तोडीला गेलाय, हजर, तोडीला गेलीय’ असं ते गाणंच झालं होतं. पुढे २०११च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली आणि पटावर नावं आहेत, पोरं नाहीत, असा प्रकार लाखांनी निघाला. ती बातमी वाचताना मला आमचा वर्ग आठवला. आमच्याही पटावर नावं होती आणि पोरं नव्हती. पण आमची पोरं उसाच्या कुठल्या फडात आहेत ते वर्गाला तोंडपाठ होतं.

माझ्या आधीचं नाव ज्याचं होतं तो दरवर्षी जायचा. त्याच्या वतीनं उत्तर द्यायचं काम माझं, कारण बाकावर शेजार माझा. मी आजीजवळ राहायचो म्हणून वाचलो होतो. चौथीत असताना पोळ्याच्या आसपास आजी गेली आणि दसऱ्यानंतर मीही गाडीत बसलो.

त्या सहा महिन्यांचं फार सांगत नाही. ते सगळ्यांचं सारखंच असतं. उसाच्या पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, पहाटे आईबाप फडात, माझ्याकडे धाकटी बहीण आणि एक लंगडा बैल. घड्याळ नव्हतं. पण ऊन कोपीच्या उंबऱ्याला टेकलं की साधारण साडेदहा, हा हिशोब मी लावला होता. आता प्रार्थना झाली. आता कॅटलॉग उघडला. एकेक नाव मी मनात घ्यायचो. माझ्या आधीच्या नावाला आता कोण उत्तर देत असेल? मग माझं नाव. बाईंनी मान वर केली, रिकाम्या बाकाकडे बघितलं, कुणीतरी म्हणालं, तोडीला गेलाय. मी इकडे वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढीवर बसून हळूच ‘हजर’ म्हणायचो. बहीण हसायची. मुकादमाच्या वहीत आम्ही ‘एक कोयता’ होतो, म्हणजे आई आणि बाप मिळून एक. पोरांची त्यात नोंद नसते. माझी होती, दोनशे मैलांवर, तांबड्या शाईत.

आता आमच्याकडे अशा पोरांसाठी हंगामी वसतिगृहं निघतात. आईबाप गेले तरी मुलं गावात राहतात. चांगलं आहे ते. पाडव्यानंतर मी परतलो तेव्हा बाईंनी ना विचारपूस केली, ना कौतुक. नाव घेतलं, मान वर केली, रेघ ओढली. शेजारी टिंब काढलं. छोट्या सुट्टीत मला नकाशा गुंडाळायला लावला.

चार वर्षांपूर्वी बाई निवृत्त झाल्या. सत्काराला आमच्या तुकडीतले तीसेक जण जमले. शाल-श्रीफळ, हेडमास्तरांचं भाषण, मग कुणीतरी टूम काढली, बाई, हजेरी घ्या. कॅटलॉग कुठून आणणार? बाई खुर्चीवरून उठल्या आणि तोंडपाठ सुरू झाल्या. मुलं आधी, मग मुली, त्याच क्रमानं. पोट सुटलेली, केस पिकलेली माणसं उभं राहून ‘हजर’ म्हणत होती आणि हसत होती. माझ्या आधीचं नाव आलं तसं हसू थांबलं. तो त्या सत्काराच्या दोन वर्षं आधी उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला होता. बाईंना हे माहीत होतं. त्याच्या तेराव्याला त्या आल्या होत्या. तरी त्यांनी नाव घेतलं, मान वर केली आणि थांबल्या.

बाकावर शेजार माझा होता. मी उठलो. ‘तोडीला गेलाय, बाई.’

त्यांनी मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं. ते माझंच होतं. मी ‘हजर’ म्हणालो.

‘पुन्हा म्हण,’ बाई म्हणाल्या.