जवारी नसलेली तार

मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला एक खोड असते. कुठलंही वाद्य हाती आलं की आधी ते उलटं करून पाठ बघायची. चीनमधल्या लाओमुदेंग गावातही मी तेच केलं.

तेव्हा मी चीनच्या युनान प्रांतात, कुनमिंग शहरात योग शिकवत होते. हिवाळ्याच्या सुट्टीत बसने ल्युकू गाठलं आणि तिथून नू नदीच्या कडेकडेने वर गेले. हीच नदी पुढे म्यानमारमध्ये साल्विन होते. पावसाळ्यात गढूळ असते, थंडीत मात्र हिरवीगार. पलीकडे गाओलिगोंग पर्वताच्या रांगा. या खोऱ्यातल्या नू जमातीच्या लोकांची चीनमधली संख्या ३७ हजारांच्या आसपास, म्हणजे मिरजेचे दोन-चार वॉर्ड.

लाओमुदेंगला ज्यांच्या घरी उतरले होते, त्या घरमालक काकांनी रात्री भिंतीवरचं तंतुवाद्य, दाबिया, उतरवलं. चार तारा, चार खुंट्या, सतारीसारखा पडदा एकही नाही. पाठ बघितली तर दांडीपासून पोटापर्यंत लाकूड एकच, आतून कोरलेलं, वर पातळ तबली, म्हणजे झाकणाची फळी. आमच्याकडे भोपळा वेगळा, दांडी वेगळी, मग ते सांधायचा व्याप.

तार छेडली. टण्. संपलं! आमच्या घरी घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून घासून जवारी काढतात, स्वर दरवळत राहावा म्हणून. मला ते वाद्य बिचारं वाटलं. खोटं कशाला बोलू.

मग काका वाजवता वाजवता उठून नाचायला लागले. पाच-सहा स्वरांचा एकच तुकडा, परत परत. फळ्यांच्या जमिनीवर पाऊल पडायचं ते नेमकं तार विझते तिथे. मधेच माकडासारखं अंग खाजवणं, मधेच दाबिया डोक्यामागे नेऊन वाजवणं. तार गुंजत राहिली असती तर पावलं ऐकूच आली नसती. हे मला बसून कळलं नाही, काकूंनी ओढून उभं केल्यावर तिसऱ्या फेरीत कळलं, तेही डावं-उजवं चुकल्यावर. नंतर गालाला गाल लावून एकाच पेल्यातून दोघींनी दारू प्यायची, अशी तिथली रीत. (आईला हे अजून सांगितलेलं नाही.)

बाबांना रेकॉर्डिंग पाठवलं. त्यांनी दोनदा ऐकलं आणि फोन केला. ‘‘लाकूड कुठलं गं? आणि ते पायांचे आवाज काढून पाठव, वाद्य नीट ऐकू येत नाही.’’