‘तांत्रिक बिघाड’ या दोन शब्दांत काय काय असतं

सोनेगाव (नागपूर विमानतळ), मंगळवार, रात्रीचे अकरा

‘तांत्रिक बिघाडामुळे विमान नागपुरात उतरवलं, सर्व प्रवासी सुखरूप.’ ही ओळ पेपरात अधूनमधून येतेच आणि यापुढेही येत राहील, कारण आपलं गाव बसलंय तशा जागी. दिल्लीहून दक्षिणेकडे आणि मुंबईहून कोलकात्याकडे जाणाऱ्या हवाई वाटा आपल्या डोक्यावरूनच जातात. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानं सुरू झाली, तेव्हाही दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री इथे जमायची आणि पिशव्यांची अदलाबदल करून माघारी जायची. आज वाटेत कुणाच्या छातीत कळ आली, केबिनमध्ये जळका वास आला किंवा इंजिनाचं तेल कमी दिसलं, तर पायलटला जवळची लांब धावपट्टी हवी असते. इथली ३,२०० मीटरची आहे.

उतरलेला माणूस मात्र त्या एका ओळीवर घरी जातो. टॅक्सीत विचारतो, “काय झालं होतं जी, सांगत काऊन नाहीत?” आणि पुढच्या महिन्यात पुण्याला लेकीकडे जायचं म्हटलं, की म्हणतो आपली आझाद हिंद एक्स्प्रेसच बरी. त्याला ‘विमानप्रवास सगळ्यात सुरक्षित’ हा आकडा ऐकवून काही उपयोग होत नाही. तो आकडा त्याला आधीही माहीत होता. त्याच्या डोक्यात अडकून बसलेल्या असतात त्या तीन-चार गोष्टी: मोठा आवाज, वास, बराच वेळ मारलेल्या घिरट्या आणि खिडकीतून दिसलेले लाल बंब. त्या एकेक करून सोडवून दिल्या, तरच तो पुन्हा बसेल असं मला मनापासून वाटतं.

घिरट्यांपासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्यांचाच. ‘उतरता येत नव्हतं म्हणून फिरत होते’ असंच सगळे सांगतात. एअरबसचं ए३२० निओ हे विमान जास्तीत जास्त ७९ टन वजनाने उडू शकतं, उतरतानाची मर्यादा मात्र ६७ टनांच्या आसपास असते. या विमानाला हवेत इंधन सोडून देण्याची सोय नाही. ती बोइंग ७७७, ७८७ सारख्या मोठ्या विमानांत असते. म्हणजे वजन जास्त असेल तर एकतर इंधन जाळायचं, तासाला साधारण अडीच टन, नाहीतर जड वजनानेच उतरायचं. तेही चालतं, फक्त नंतर तपासणी जास्त करावी लागते. आग किंवा धूर असेल तर कुणी घिरट्या घालत बसत नाही, विमान सरळ खाली येतं. त्यामुळे विमान फिरतंय याचा बहुतेक वेळा अर्थ असा, की पायलटच्या हाती वेळ आहे. नागपूर-मुंबईसारख्या छोट्या फेरीत तर वजनाचा प्रश्न फारसा नसतोच. तिथे त्या दहा-पंधरा मिनिटांत चेकलिस्ट वाचून होते, जड किंवा वेगात उतरायचं असेल तर किती धावपट्टी लागेल याचं गणित होतं आणि केबिन क्रू तयार होतो.

बंबांचंही तसंच. खाली ‘लोकल स्टँडबाय’ आणि ‘फुल इमर्जन्सी’ अशा दोन पायऱ्या असतात. पहिलीत बिघाड कळलेला असतो, पण उतरायला अडचण येईल असं वाटत नाही. दुसरीत अपघाताची शक्यता धरून सगळे धावपट्टीलगत उभे राहतात. उतरल्यावर बंब मागे धावतात ते बऱ्याचदा ब्रेकसाठी. जड विमान थांबवताना ब्रेक प्रचंड तापतात. चाकात छोटे प्लग बसवलेले असतात. ठरावीक तापमानाला ते वितळतात आणि टायरमधला नायट्रोजन हळूहळू निघून जातो, म्हणजे टायर फुटत नाही. खिडकीतून बसलेला टायर पाहून लोक हादरतात. तो तसा बसावा म्हणूनच बनवलेला असतो.

मोठा आवाज आणि पंख्यातून ज्वाळा हे दृश्य मोबाइलमध्ये टिपलं जातं आणि रात्रीपर्यंत गावभर फिरतं. पक्षी आत गेला किंवा कॉम्प्रेसरमधला (इंजिनात हवा दाबणाऱ्या भागातला) हवेचा प्रवाह विस्कटला, की इंजिन ‘सर्ज’ होतं, बंदुकीसारखे बार होतात आणि मागून आग दिसते. पायलट थ्रॉटल मागे घेतो, बहुतेकदा ते शांत होतं, नाहीतर इंजिन बंद करतो. दोन इंजिनांच्या विमानाला नेमक्या टेक-ऑफच्या क्षणी एक इंजिन गेलं तरी वर चढता आलंच पाहिजे, ही मान्यतेचीच अट आहे. पक्षी गेल्यावर केबिनमध्ये मांस भाजल्यासारखा वास येतो, कारण केबिनची हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधूनच घेतलेली असते. तो वास आला की कळतं, पक्षी नुसता बाहेरून घासून गेला नाही, आतल्या भागापर्यंत पोचला. पावसाळ्यात हे वाढतं. विमानतळाभोवती १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरं कापायला कायद्याने बंदी का आहे, हे वॉर्डा-वॉर्डात जाऊन सांगायला हवं. कचऱ्याच्या ढिगावर उतरणारी घार आणि विमानाची सुरक्षितता हा एकच विषय आहे.

सगळ्यात जास्त घाबरवतात ते वरून पडणारे ऑक्सिजनचे मास्क, म्हणून त्यावर जरा थांबतो.

विमान ३६,००० फुटांवर असलं तरी केबिनमधली हवा साधारण ८,००० फुटांवरच्या इतकी दाट ठेवलेली असते. ती विरळ होत होत १४,००० फुटांच्या पातळीला गेली की वरची झाकणं आपोआप उघडतात. मास्क नुसता लटकलेला असताना ऑक्सिजन येत नाही. तो ओढावा लागतो, ओढल्यावर पिन निघते आणि रासायनिक जनरेटर पेटतो. त्या पेटीतला एक मास्क ओढला की पेटीतले सगळे सुरू होतात. जनरेटर तापतो, धूळ जळाल्याचा वास येतो, आणि लोकांना वाटतं आता आगही लागली. मास्कची पिशवी फुगत नाही, म्हणून लोक तो चालत नाही असं समजून काढून टाकतात. हा सगळ्यात घातक गैरसमज. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येतच असतो. ३५,००० फुटांवर मास्कशिवाय भान राहतं ते अर्धा ते एक मिनिट. ‘आधी स्वतःला लावा, मग लेकराला’ याचं कारण एवढंच आहे. बेशुद्ध आई कुणाला मास्क लावणार?

हा ऑक्सिजन बहुतेक विमानांत १२ ते १५ मिनिटं पुरतो, काहींत २२. कमी वाटतो, पण तो पूर्ण प्रवासासाठी ठेवलेलाच नाही. पायलट लगेच १०,००० फुटांकडे निघतो, तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो, आणि चार-पाच मिनिटांत तिथे पोचतो. इंजिनांचा आवाज एकदम बसतो, पंखांवरचे स्पीडब्रेक, म्हणजे हवा अडवणारे पत्रे, उभे राहतात, सगळं विमान थरथरतं, नाक खाली जातं. आत बसलेल्याला वाटतं आपण कोसळतोय. विदर्भावर ही गोष्ट तुलनेने सोपी आहे, कारण आपल्या बाजूला सातपुड्यातलं पचमढीचं धूपगडसुद्धा साधारण ४,४०० फूटच. लडाखच्या वाटेवर खाली डोंगरच १०,००० फुटांहून उंच, म्हणून तिथे सुटकेचे मार्ग आधीच आखून ठेवावे लागतात.

चूक होत नाही असं मी लिहिणार नाही. २० सप्टेंबर २०१८ ला मुंबई-जयपूर विमानात केबिनमध्ये हवा भरणारा ब्लीड स्विच सुरूच केला गेला नव्हता. मास्क पडले, सुमारे ३० जणांच्या नाका-कानांतून रक्त आलं, विमान मुंबईला परतलं. चेकलिस्टमधली एक ओळ सुटली की काय होतं ते तिथे दिसलं. त्याच वर्षी १७ एप्रिलला अमेरिकेत साउथवेस्टच्या विमानाचं पंख्याचं पातं धातूच्या थकव्याने तुटलं, खिडकी फुटली, एक बाई गेली. तीन दिवसांत तिथल्या विमान नियामकाचा आदेश निघाला: ३०,००० पेक्षा जास्त फेऱ्या झालेल्या तशा इंजिनांची पाती २० दिवसांत अल्ट्रासॉनिकने तपासा. आणि १२ जून २०२५ चं अहमदाबाद अजून कुणाच्या मनातून उतरलेलं नाही, उतरूही नये. अशा वेळी ‘घाबरू नका’ म्हणणं हा लोकांचा अपमान आहे.

खरी माहिती किती फरक पाडते बघा. २१ मे २०२४ ला लंडनहून सिंगापूरला निघालेलं ७७७ म्यानमारवर जबरदस्त टर्ब्युलन्समध्ये, म्हणजे हवेच्या हिसक्यांत, सापडलं. एक प्रवासी गेला, कितीतरी जखमी झाले. बातमी फिरली की विमान ६,००० फूट कोसळलं. रेकॉर्डरवरून निघालं ते असं: साधारण साडेचार सेकंदांत १७८ फूट. ६,००० फूट खाली आलं ते नंतर, पायलटने स्वतःहून, बँकॉककडे वळताना. म्हणजे ५४ मीटरच्या त्या धक्क्याने बेल्ट न लावलेली माणसं छताला आपटली. पंखांचं काही बिघडलं नाही. पंखांना अपेक्षित कमाल भाराच्या दीडपट भार पेलून दाखवावा लागतो, आणि १९९५ च्या चाचणीत ७७७ चा पंख १५४ टक्क्यांवर मोडला. तेव्हा बेल्टचा दिवा विझला तरी बेल्ट कंबरेला राहू द्या, आणि पांघरुणाच्या वरून लावा, म्हणजे झोपेत कुणी उठवणार नाही.

आपल्याकडच्या मे महिन्याचंही तसंच. दुपारी ४५ अंशाला तापलेल्या जमिनीवरून हवेचे फुगे उठतात, उतरताना विमान हिंदकळतं. तीच हवा इतकी विरळ असते की हजारेक फूट उंचीवरच्या नागपुरात विमानाला जवळपास पाच हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं, धावपट्टी जास्त लागते. एकदा घाबरलेल्या माणसाने पुन्हा सुरुवात करायची तर सकाळचं सहा-सातचं विमान घ्यावं, पंखाजवळची सीट घ्यावी. तिथे हिसके कमी जाणवतात. बसल्यावर पुढच्या आणि मागच्या दारापर्यंत किती रांगा आहेत ते हाताने सीटच्या पाठी मोजून ठेवावं, कारण धुरात दिवे दिसत नाहीत. बॅग वरच सोडायची. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदावर जपान एअरलाइन्सच्या जळत्या विमानातून ३७९ च्या ३७९ जण बाहेर आले. आठपैकी तीनच दारं वापरता आली, स्पीकर बंद पडले होते, आणि तरीही कुणी सामानासाठी वाट अडवून धरली नाही. ज्या तटरक्षक विमानाला धडक बसली, त्यातले सहापैकी पाच जण मात्र वाचले नाहीत.

आता कंपन्यांना माझं एकच सांगणं. आणीबाणीत कॅप्टन केबिन क्रूला चार गोष्टी सांगतो: काय झालं, काय करणार, किती वेळ आहे, खास सूचना काय. पायलटचा क्रम ठरलेला आहे, आधी विमान सांभाळणं, मग दिशा, मग बोलणं, म्हणून प्रवाशांना काही मिनिटं शांतता सोसावी लागते. ते मान्य. पण ती मिनिटं संपल्यावर त्याच चार गोष्टी प्रवाशांना का सांगू नयेत? “उजव्या इंजिनात कंपन वाढलं म्हणून ते बंद केलंय. एका इंजिनावर हे विमान उडतं आणि उतरतं. वीस मिनिटांत नागपूर. खाली बंब दिसतील, तो नियम आहे.” अर्ध्या मिनिटाचं काम.

आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट पाठवावी. प्रत्येक विमानात टेक्निकल लॉगबुक असतं. पानाच्या डाव्या बाजूला पायलट तक्रार लिहितो, उजव्या बाजूला इंजिनिअर काय केलं ते लिहितो. उजवी बाजू भरून सही झाल्याशिवाय विमान हलत नाही. समजा डावीकडे लिहिलंय: ‘टेक-ऑफनंतर उजव्या इंजिनावर पक्षी आदळला, कंपन वाढलं, केबिनमध्ये जळका वास.’ मग रात्री टॉर्च घेऊन कुणीतरी इंजिनाच्या तोंडात शिरतं, लीप जातीचं इंजिन असेल तर पंख्याची १८ च्या १८ पाती एकेक करून बोटाने कडेवर चाचपतं, पिसं-रक्त पुसून नमुना बाजूला ठेवतं, मग बोरोस्कोपची बारीक कॅमेरा-नळी आत सोडून कॉम्प्रेसरची एकेक रांग स्क्रीनवर फिरवून बघतं. एका पात्याला दात पडलेला दिसला तर तो मोजतं. मर्यादेत असेल तर घासून गुळगुळीत करतं, नसेल तर पातं बदलतं. मग इंजिन जमिनीवर चालवून कंपन बघतं. हे सगळं उजव्या बाजूला तीन-चार ओळींत येतं, खाली वेळ, लायसन्स नंबर, सही. त्या ओळी साध्या मराठीत, हिंदीत, प्रवाशाच्या मोबाइलवर जायला हव्यात.