आधी यंत्र सांग

कुर्डुवाडीच्या पोराला इंग्रजी यायचं ते आधी रेल्वेचं. शेड, बॉयलर, फायरमन, सिग्नल, गार्ड हे शब्द बालवाडीच्या आधीच आमच्या तोंडात बसलेले. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी उशाशी, आणि वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील वर्कशॉपात नाहीतर इंजिनावर. माझे वडील फायरमन. आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांनी हे बरोबर हेरलं होतं.

तेव्हा वाक्प्रचार म्हणजे गाइडातली दोन रकान्यांची यादी. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अर्थ, की चालू घोकंपट्टी. सर गाइड मिटायला लावत. "अर्थ राहू दे, आधी यंत्र कुठलं ते सांग," हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

'लॉक, स्टॉक अँड बॅरल'चं भाषांतर एका हुशाराने 'कुलूप, साठा आणि पिंप' असं केलं. सर हसले नाहीत, फळ्यावर जुनी ठासणीची बंदूक काढली. लॉक म्हणजे ठिणगी पाडणारी कळ, स्टॉक म्हणजे लाकडी दस्ता, बॅरल म्हणजे नळी. तिन्ही उचलले की बंदुकीचं मागे काही उरत नाही. त्याच चित्रावर 'फ्लॅश इन द पॅन'ही उरकलं. आम्ही सगळे तोवर स्वयंपाकघरातल्या तव्यापाशी अडकलेलो. नळीच्या बुडाशी बाजूला एक छोटी वाटी असते, तीच पॅन, तिच्यात रंजक, म्हणजे पेटवणीची चिमूटभर दारू. ठिणगी पडली की रंजक भडकते आणि बारीक भोकातून आग आतल्या दारूपर्यंत जाते. कधी ती नुसतीच भडकून विझते. गोळी जागच्या जागी. आपला फुसका बार याच्या जवळचा, पण फुसक्या बाराला ती आधीची दिपवणारी झळाळी नसते. एका मोसमात गाजून गडप होणाऱ्या खेळाडूला इंग्रज हे का म्हणतो, ते तिथे कळलं.

'लेट ऑफ स्टीम'ला सर मला म्हणाले, "वडिलांना विचारून ये." वडिलांना वाक्प्रचाराशी देणंघेणं नव्हतं, वाफेशी होतं. गाडी स्टेशनात उभी, आग रसरसलेली, वाफेला काम नाही. दाब ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की सेफ्टी व्हॉल्व्ह उचलला जातो, कानठळ्या बसवणारा फूत्कार सुटतो, आणि दाब थोडा उतरला की झडप आपोआप बंद. सगळी वाफ जात नाही. इंजिन लगेच गाडी ओढायला तयार. "पण फायरमनला ते लाजिरवाणं," वडील म्हणाले. "एवढा कोळसा मारला तो हवेत गेला. जाणता फायरमन गाडी थांबायच्या आधीच आग आवरतो."

हे वर्गात सांगितल्यावर सर जाम खूश. म्हणाले, मनातलं भडाभडा बोलून मोकळं व्हा म्हणणारा इंग्रज बॉयलरची काळजी करतो, आणि 'तोंडाची वाफ दवडू नकोस' म्हणणारी आपली आजी कोळशाची. आजीचा बॉयलरशी संबंध नव्हता, हे सरांनाही माहीत होतं. तरी मला हे आजही पटतं.

'रन आउट ऑफ स्टीम'चा अर्थ गाइडात होता 'थकणे'. मला तो तेव्हापासून खटकतो. आमच्या त्या लाइनवर येडशीच्या अलीकडच्या चढावर इंजिनाची वाफ तयार होते त्यापेक्षा जास्त खर्च होऊ लागली, की दाब उतरत जायचा आणि गाडी रेंगाळायची, कधी उभीच राहायची. आग शाबूत असायची, पाणी असायचं. जरा थांबून दाब चढू दिला की गाडी पुन्हा निघायची. थकणं वेगळं.

'स्पॅनर इन द वर्क्स' सरांनी 'पाचर मारणे' एवढ्यावर निकालात काढलं आणि घंटा झाली.

पुढे मी डिझेल मेकॅनिक झालो आणि सरांचा प्रश्न माझ्याबरोबर गॅरेजात आला. गाडी थरथरते, धूर सोडते, ओढ नाही. गिऱ्हाईक म्हणतं, मिसिंग करतेय. मग इंजिन चालू ठेवून सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट जरासा ढिला करायचा, म्हणजे त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. मारतं सिलिंडर बंद पडलं की लगेच आवाज पडतो. ज्या नटाला आवाजात काहीच फरक पडत नाही, ते सिलिंडर आधीच मेलेलं. 'फायरिंग ऑन ऑल सिलिंडर्स' ते हे. गाइडात अर्थ दिला होता 'जोमाने काम करणे'. चार सिलिंडरचं इंजिन तीनवरही चालतं हो, आणि दणदणाट तर जास्तच करतं.