मेजर, तुम्हाला यातून मिळतं काय?

हा प्रश्न मला बँकेच्या रांगेत विचारलाय, एसटीत विचारलाय, आणि परवा तर एका दहाव्याला घाटावर विचारला. रोख एकच असतो. पेन्शन चालू आहे, मुलं मार्गी लागली, मग गावोगावच्या फौजी पोरांच्या घरची लचांडं अंगावर घेऊन हिंडायचं म्हणजे आत काहीतरी असणार. पंचायतीला उभं राहायचंय का? कमिशन घेता का? तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो. (आणि मी मेजर नाही. तोफखान्यातून हवालदार म्हणून घरी आलो. आमच्याकडं फौजेतून परतलेला प्रत्येकजण मेजरच असतो.)

पैसे मिळत नाहीत. पेट्रोलचे कोणी दिले तर घेतो. मान मिळतो आणि तो मला आवडतो. निवृत्तीनंतर काही काळ एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत होतो, तिथं ट्रकवाले ‘ए वॉचमन’ म्हणून हाक मारत. तहसील कचेरीत ‘या मेजर, बसा’ म्हणतात. फरक पडतो हो माणसाला. पण नुसत्या मानासाठी कुणी नोव्हेंबरभर म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले करत बसत नाही. स्पर्शच्या, म्हणजे फौजेच्या ऑनलाइन पेन्शन व्यवस्थेच्या, मशीनवर त्यांचे अंगठे उठत नाहीत, जन्मभर मातीत घासून रेघाच गेलेल्या असतात. रेकॉर्डला नाव पार्वती, आधारवर पारूबाई. नवरा गेला की त्या पारूबाईनं पार्वती असल्याचं सिद्ध करायचं, मगच फॅमिली पेन्शन.

नोकरीत असलेल्या पोरांचं वेगळंच. सुट्टीत लग्न उरकतात आणि विवाहाचा दाखला ट्रंकेत टाकून युनिटला जातात. पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्नाची फौजेच्या कागदावर नोंद करणारा हुकूम, निघत नाही तोवर फौजेच्या लेखी गडी अविवाहित. उद्या काही बरंवाईट झालं तर बायकोनं कुठं जायचं? मग मी त्या पोराच्या मागं लागतो. तो वर फिल्डमध्ये, म्हणजे सीमेवर तैनात, इकडं भाऊबंद बांध कोरतोय, कोर्टात तारखा पडतायत. 1925 चा एक कायदा आहे, सैनिकांच्या दाव्यांसाठीचा. युद्धावर किंवा तशाच विशेष परिस्थितीत तैनात असल्यानं सैनिक हजर राहू शकत नाही असं जिल्हाधिकाऱ्यांनी लिहून दिलं, की कोर्टाला त्याचा दावा थांबवता येतो. हे सांगायला गावात कोणी नसतं. वकिलांतही फारसं कोणी नसतं, पण ते जाऊ द्या.

सीमेवर राख्या आणि फराळ पाठवणाऱ्या मंडळांवर माझा राग नाही. फोटो जरा जास्त काढतात, एवढंच. पण फिल्डमध्ये रात्री झोपताना पोराच्या डोक्यात लाडू नसतो, बांध असतो. मी तिथं झोपलोय म्हणून सांगतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

आमच्या पलीकडच्या वाडीतला एक पोरगा इन्फन्ट्रीत होता, सियाचिनला वरच्या पोस्टवर गेला होता. फेब्रुवारी 2016 मध्ये सोनम पोस्टवर हिमस्खलन झालं, दहा जवान गाडले गेले. त्यातले लान्सनायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी बर्फाखालून जिवंत निघाले आणि नंतर दिल्लीत वारले. त्या दिवसांत ज्यांची पोरं वर होती त्या सगळ्या घरांतून मला फोन येत. हा पोरगा त्यानंतर वर गेला, त्यामुळं त्याची आई आधीच अर्धी झालेली. त्यातच त्याच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यात मीच नेलं. आई आणि चुलते म्हणाले, त्याला कळवायचं नाही. मी हो म्हणालो.

त्याच संध्याकाळी त्याचा मला फोन. औषधांची पिशवी हातात घेऊन मी दवाखान्याच्या जिन्यात उभा. वरून आलेल्या फोनला आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो. आपण बोललो की मध्ये पोकळी, मग उत्तर. ‘काका, आप्पांचा फोन का लागत नाही?’ म्हटलं, बिघडलाय, दुरुस्तीला टाकलाय. पोकळी. ‘बरे आहेत ना?’ म्हटलं, बरे आहेत, आत्ताच खिचडी खाल्ली. पोकळी. ‘बरं.’

खिचडीचं कुणी विचारलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं, पटावं म्हणून.

आप्पा त्याच आठवड्यात गेले. युनिटला कळवलं. हवा खराब, चीता हेलिकॉप्टर उडेना, पोस्टवरून दोराला बांधून चालत खाली यायचं, तिथून लेह, मग दिल्ली, मग पुणे. तेराव्याला पोचला. ओठ फुटलेले, गॉगलची जागा सोडून तोंड करपलेलं. सगळ्यांना भेटला, आईजवळ बसला. मग मला बाजूला घेऊन विचारलं, ‘खिचडी खरंच खाल्ली होती का?’

मी नाही म्हणालो. त्यानं मान हलवली आणि पंगतीत वाढायला गेला.

तुम्ही म्हणाल, बरोबरच केलंत. बरेच जण म्हणतात. माझ्याकडंही त्याची कारणं तयार आहेत. जिथं माणसं एकाच दोराला बांधून चालतात तिथं एकाचं लक्ष उडालं की दोर सगळ्यांचाच असतो. कळवून तो लगेच येऊ शकणार होता थोडाच? हवेपुढं कुणाचं काय चालतं? आणि निर्णय घरच्यांचा होता.

पण मला 1999 आठवतं, कारगिलचं युद्ध. द्रासला आमच्या बोफोर्स तोफा आधी टोलोलिंगवर, मग टायगर हिलवर आग ओकत होत्या. माझी आई जूनमध्ये गेली. 4 जुलैला टायगर हिल आपल्याकडं आली, त्यानंतर सुभेदार साहेबांनी मला बोलावून तार हातात दिली. तारेच्या घड्या मऊ पडल्या होत्या. उशिरा आली होती की साहेबांच्या खिशात होती, मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पुढं कित्येक वर्षं मी त्या माणसाला मनातून शिव्या घातल्या. म्हणायचो, माझी आई, माझी बातमी, ती दाबणारे हे कोण?

तो जुना मी आज समोर आला तर त्याला सांगेन, बाबा रे, साहेबांना गनवर माणूस हवा होता. तो म्हणेल, आणि तुला काय हवं होतं? इथं माझी बोलती बंद होते. त्या जिन्यात माझ्या डोक्यात दोर होता, हे खरंच. पण वरच्या मजल्यावर त्याची आई रडत होती आणि मला आणखी एक रडणं ऐकायचं नव्हतं, हेही तितकंच खरं. यातलं कुठलं जास्त, ते मला ठरवता येत नाही. चुकलो असं म्हणायला मी तयार नाही. बरोबर होतो म्हणावं, तर ती खिचडी आडवी येते.

तो पोरगा माझ्याशी तुटला नाही. मोकळाही झाला नाही. स्वतःच्या घरचं काम आता चुलत्याला सांगतो. पण मध्यंतरी त्याच्या कंपनीतल्या एका जवानाचा नंबर पाठवला, ‘याच्या जमिनीचं बघा.’ बघितलं.

तेव्हा मिळतं काय, तर हे. कुणाच्या तरी घरची बातमी त्याच्या आधी आपल्याला कळते. पूर्वी मला वाटायचं, हा विश्वास आहे. आता सगळेच दिवस तसं वाटत नाही.

हल्ली कोणी वर जाणार असला की मी आधीच विचारून घेतो: वाईट बातमी आली तर सांगू की थांबवू? बहुतेक पोरं म्हणतात, सांगा. त्यांच्या आया मागाहून गुपचूप येऊन म्हणतात, थांबवा. मी पोराचं ऐकायचं ठरवलंय, आणि आयांना तसं तोंडावर सांगतो, त्यावरून दोन घरांत मला चहासुद्धा विचारत नाहीत. एकजण मात्र म्हणाला, ‘ते तुम्हीच ठरवा, मेजर.’ म्हटलं, मग दुसरा माणूस शोध. त्यानं काही शोधला नाही, आणि पुढच्या महिन्यात तो वर जातोय.