आजोबांची मॅशी दुरुस्त केली त्याची गोष्ट

आमचं घर चेंबूरला घाटल्यात, गोल्फ कोर्स जवळच. 1927 चा क्लब आहे तो, आणि आजोबा तिथे कॅडी होते, म्हणजे खेळणाऱ्यांच्या स्टिकांची पिशवी उचलायचे. कुणा साहेबाने टाकून दिलेली लाकडी दांड्याची एक गोल्फ स्टिक त्यांना मिळाली होती, आमच्याकडे तिचा उपयोग एकच, वरच्या वलणीवर कपडे टाकायचे. आधी आजी, मग आई. तिचं लोखंडी डोकं ढिलं झालेलं, चादर उचलली की खुळखुळ वाजायचं, तो आवाज मला लहानपणापासून पाठ आहे.

गेल्या दिवाळीत साफसफाई करताना नीट हातात घेतली तर गंजाखाली एक छोटी पाइपची खूण दिसली, तंबाखू ओढायच्या पाइपची. वाचत गेलो तेव्हा कळलं की ही सेंट अँड्र्यूजच्या टॉम स्टुअर्ट या कारागिराची खूण, म्हणजे स्कॉटलंडमध्ये घडवलेलं डोकं, आणि दांडा हिकरीचा, हे एक चिवट अमेरिकन लाकूड. या जातीच्या स्टिकला मॅशी म्हणायचे, आजच्या साधारण पाच नंबरच्या आयर्नसारखी, म्हणजे लोखंडी डोक्याच्या स्टिकसारखी. स्टीलच्या दांड्याला सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए ने, म्हणजे गोल्फचे नियम ठरवणाऱ्या क्लबने, 1929 मध्ये परवानगी दिली, त्यानंतर हिकरी मागे पडली.

एका वर्कशॉपवाल्याने सांगितलं बफ मारून क्रोम करून देतो, चकाचक. बरं झालं नाही दिली, कारण बफवर धरली असती तर ती पाइप पाच मिनिटांत गेली असती आणि मग उरलं काय? मी शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवलं आणि सगळ्यात बारीक स्टील वूलने हळूहळू घासलं, रोज थोडं थोडं, आठवडाभर. काळपट रंग राहू दिला, फक्त लाल गंज काढला.

खरं काम डोक्याचं. लोक सांगतात पाण्यात बुडवून ठेव, लाकूड फुगतं आणि घट्ट बसतं. बसतं खरं, पण वाळलं की आधीपेक्षा ढिलं, कारण फुगताना आतले तंतू दबून जातात. दांडा ज्या नळीत बसतो तिच्यातून एक आडवी पिन आरपार असते, दोन्ही बाजूंनी कानशीने इतकी सपाट केलेली की दिसतच नाही. बारीक पॉलिश पेपर फिरवला तेव्हा कुठे केसाएवढं गोल वर्तुळ उमटलं. वाइसमध्ये चामड्याच्या तुकड्यांत धरून पंचने ठोकली, दोन दिवस हलली नाही, तिसऱ्या दिवशी टक् करून सुटली आणि मी एकटाच घरात ओरडलो. आतली जुनी घाण साफ केली, अरल्डाइट भरलं, जुन्या भोकातूनच नवी पिन घातली, साध्या खिळ्याची.

दांडा थोडा वाकला होता. हेअर ड्रायरने गरम करून गुडघ्यावर हलकेच दाबत सरळ केला, घाई केली तर तडकतो. मग जवसाचं तेल चोळलं, पातळ हात, एक सुकल्यावरच दुसरा. तेलाची फडकी मात्र गोळा करून टाकू नका, पसरून वाळवा, ती आपोआप तापून पेटू शकतात. वरून चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून एक हात.

मुठीचं चामडं पापडासारखं झालेलं, हात लावला की भुगा. धारावीतून पातळ चामड्याची पट्टी आणली, इंचभर रुंद, खाली लोकरी कापडाची पट्टी गुंडाळून त्यावर तिरकी ओढत नेली. नळीच्या गळ्याला काळा मेणदोरा गुंडाळायचा होता, तो स्टेशनबाहेर चपला शिवणाऱ्या काकांनी दिला, आणि दोऱ्याचं टोक वेढ्यांखालून ओढून घ्यायची, गाठ न मारता, ती पद्धतही त्यांनीच दाखवली. सहा वेळा सुटलं, सातव्यांदा बसलं.

एक गोष्ट तशीच ठेवली. डोक्याच्या टोकाला वलणीच्या तारेने घासून घासून एक बारीक चर पडलाय, चकचकीत. तो भरावा असं मनात आलं होतं, पण माझा हात गेला नाही.

झाल्यावर आईच्या हातात दिली. तिने उलटी-पालटी करून बघितली, मूठ दाबली, आणि मग बादलीतली चादर उचलून वलणीवर टाकली. खुळखुळ आली नाही.